पीतज्वराची लस आणि परतीचे तिकीट

केनियातील मसाई मारा या अभयारण्याची सहल आता मराठी टूर कंपन्यांच्या जाहिरातींत नवलाईची राहिलेली नाही. या सहलीची चौकशी करायला गेलेला माणूस दर, जेवण आणि व्हिसा यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारतो, तो म्हणजे केनियात जायला यलो फीव्हरची, अर्थात पीतज्वराची लस लागते का. वास्तविक केनियाचा स्वतःचा नियम पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांसाठी आहे आणि भारत त्या देशांत मोडत नाही. तरीही ही लस घ्यावीच लागते, कारण सहल आटोपून मुंबईत उतरल्यावर तिचे प्रमाणपत्र मागणार आहे ते आपलेच सरकार. परदेश प्रवासाच्या लसींबाबतचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. लोक जाण्याच्या तिकिटाकडे पाहून हिशेब करतात, आणि नियम मात्र बहुतांशी परतीच्या तिकिटावर अवलंबून असतो.

दुसरा गोंधळ सक्ती आणि गरज यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. सीमेवरचा अधिकारी जी लस मागतो ती प्रामुख्याने तो ज्या देशाच्या वतीने उभा आहे त्या देशाच्या रक्षणासाठी असते. प्रवाशाच्या प्रकृतीला जी लस लागते ती कोणीही मागत नाही आणि म्हणूनच ती राहून जाते. या दोन याद्या वेगवेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

आधी पीतज्वराविषयी. हा विषाणूमुळे होणारा आणि डासांमार्फत पसरणारा आजार आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळतो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना ताप, अंगदुखी, कंबरदुखी आणि उलट्या होतात व तीन-चार दिवसांत बरे वाटू लागते. थोड्या रुग्णांमध्ये मात्र ताप उतरून एखादा दिवस जातो न जातो तोच आजार उलटतो, कावीळ होते, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, नाका-तोंडातून रक्त जाते. या अवस्थेला पोहोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. विषाणूला मारणारे औषध उपलब्ध नाही. उपचार केवळ शरीराला तग धरायला मदत करतात.

भारतात हा आजार कधीच आलेला नाही. पण तो इथे रुजायला लागणारी बाकीची सामग्री तयार आहे. शहरांमध्ये पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास हा आपल्याकडे डेंग्यू पसरवणाराच डास आहे. पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात तो वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणजे डास आहे, दाट वस्ती आहे, आणि लस न घेतलेली कोट्यवधी माणसे आहेत. उणीव आहे ती फक्त विषाणूची. इतक्या वर्षांत तो आशियात का रुजला नाही यावर संशोधकांचे एकमत नाही. डेंग्यूमुळे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे थोडेफार संरक्षण देत असावीत असे काहींना वाटते, तर आशियातील डास हा विषाणू तितक्या सहजपणे वाहून नेत नसावेत असे इतरांना वाटते. अशा अनिश्चित गोष्टीवर विसंबून कोणताही आरोग्य अधिकारी विमानतळाचे दार उघडे ठेवणार नाही.

ही भीती कागदोपत्री नाही, याची एक जुनी आणि एक अलीकडची साक्ष देता येते. 1957 साली आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली. दक्षिण अमेरिकेत जंगलात माकडे मरणे ही पीतज्वराची आगाऊ सूचना मानली जाते, त्यामुळे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील, संशोधकांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वर भारतात पोहोचल्याची. तपासाअंती तो गोचिडांमार्फत पसरणारा, तोवर अज्ञात असलेला विषाणू निघाला. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ज्याला माकडताप म्हणतात तो हाच आजार. दुसरी साक्ष 2016 ची आहे. अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात, 2015 च्या अखेरीस पीतज्वराची मोठी साथ सुरू झाली आणि तिथून चीनला परतलेले 11 जण पीतज्वराने आजारी असल्याचे आढळले. आशिया खंडात नोंद झालेले हे पहिले रुग्ण होते. चीनमध्ये साथ पसरली नाही, पण विषाणू विमानात बसून आशियात येऊ शकतो हे सिद्ध झाले.

आता नियमाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार, जिची सध्याची आवृत्ती 2007 पासून लागू आहे, प्रवाशाकडून लसीचे प्रमाणपत्र कायमच मागण्याचा अधिकार देशांना ज्या एकमेव आजारासाठी नाव घेऊन दिलेला आहे तो पीतज्वर. भारताचा नियम असा की पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो प्रवासी भारतात पोहोचतो त्याच्याकडे वैध प्रमाणपत्र असलेच पाहिजे. ते नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. अगदी तान्ह्या बाळांना यातून सूट आहे. सहा दिवसच का, याचे कारण सरळ आहे: डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस लागतात, तेव्हा सहा दिवस ताप आला नाही तर त्या माणसाला संसर्ग झालेला नाही असे धरता येते. विलगीकरणाची जागा डासांना शिरकाव न करता येईल अशी असावी लागते, कारण हा आजार शेजारी बसून लागत नाही. त्या प्रवाशाला इथला डास चावू नये, एवढ्यासाठीच सारा खटाटोप असतो.

नियम एका वाक्यात मावतो, पण प्रवासाचा मार्ग एका वाक्यात मावत नाही, आणि माणसे अडकतात ती तिथेच. समजा एखादे कुटुंब केनियाहून थेट मुंबईला न येता दुबईत नातेवाइकांकडे तीन दिवस राहून आले. शिक्का दुबईचा असला, विमान दुबईचे असले, तरी केनिया सोडून सहा दिवस झालेले नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र लागतेच. केवळ नैरोबीत बैठकीसाठी जाऊन आलेल्यालाही ते लागते, कारण भारत देश पाहतो, शहर किंवा जंगल पाहत नाही. दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. केप टाउनला जाण्यासाठी अनेक जण इथिओपियाच्या अदिस अबाबामार्गे तिकीट काढतात. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या देशांत नाही, इथिओपिया मात्र आहे. प्रवासी विमान बदलेपर्यंत विमानतळाच्या आवारातच थांबला, तर आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटल्यावर त्याला सूट मिळू शकते. पण मधला थांबा लांबला आणि विमान कंपनीने रात्रीपुरते शहरातले हॉटेल दिले, तर तो प्रवासी इथिओपियात गेला असे धरले जाते. फुकटात मिळालेली ती हॉटेलची खोली सहा दिवसांच्या मुक्कामाला कारण होऊ शकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी परतीच्या मार्गावरील प्रत्येक थांबा आणि तिथला वेळ पाहून घ्यावा. लस घेण्याचा विचार नसेल तर तिकीट बदलणे हाच मार्ग उरतो.

इतर देशांचे नियम आपल्याहून सैल नाहीत. युगांडा आणि घाना हे देश कुठूनही येणाऱ्या प्रवाशाकडून प्रमाणपत्र मागतात. केनिया पाहून पुढे दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्याकडे दक्षिण आफ्रिकाही ते मागते. ब्राझील, पेरू, कोलंबिया हे देशही भारताच्या यादीत आहेत, त्यामुळे पेरूतले माचू पिचू पाहायला जाणाऱ्यांनी आपण तर थंड डोंगरात चाललो आहोत असे म्हणून निश्चिंत राहू नये. याद्या बदलत असतात. तिकीट काढण्याच्या सुमारास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी पाहणे हे टूर कंपनीच्या तोंडी आश्वासनापेक्षा कधीही बरे.

लस एकदाच घ्यायची असते. 1927 साली आजच्या घानामधील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा करण्यात आला आणि त्यालाच कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून मॅक्स थायलर यांनी 1937 साली न्यूयॉर्कमध्ये 17डी नावाची दुर्बल आवृत्ती तयार केली. थायलर यांना त्यासाठी 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही जगभर जी लस देतात ती याच वंशातली आहे. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्यामुळे तिचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, आणि ती कोणाला चालत नाही हेही त्याच गोष्टीवरून ठरते.

लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. 1 जुलैला लस घेतली तर 11 जुलैपासून ते चालते. पुरेशी प्रतिकारशक्ती बहुतेकांमध्ये तेवढ्या काळात तयार होते, म्हणून हा अवधी ठरवलेला आहे. वैध होण्याआधीच एखादा परतला, तर प्रमाणपत्र वैध होईपर्यंत किंवा धोक्याच्या देशातून निघून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर त्याला थांबवून ठेवता येते. पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षांपुरते असे. 11 जुलै 2016 पासून ते आजन्म वैध झाले आहे, आणि ही तरतूद त्यापूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रांनाही लागू आहे. कोकणात घरोघरी बोटीवर नोकरी केलेली माणसे आहेत. त्यांच्या कपाटात जुन्या पासपोर्टांबरोबर पडलेले या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक आजही कामाचे आहे आणि त्यांना केवळ मुदत संपली म्हणून पुन्हा सुई टोचून घेण्याचे कारण नाही. उतारवयात ही गोष्ट किती मोलाची ठरते ते पुढे येईल.

हे पिवळे पुस्तक हाती पडले की खिशात घालण्यापूर्वी टेबलाशीच उभे राहून वाचावे. नाव पासपोर्टात आहे तसेच, त्याच क्रमाने लिहिलेले हवे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मधे तर कधी गायब, त्यामुळे ही चूक सहज होते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लस दिल्याची तारीख, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक, वैधता कधीपासून हा रकाना, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, यांतले काहीही कोरे राहता कामा नये. प्रवाशाची स्वतःची सहीही लागते. लहान मुलांच्या वतीने पालकांनी करायची असते. खाडाखोड झाली किंवा एखादा रकाना रिकामा राहिला तर ते प्रमाणपत्र अमान्य होऊ शकते, असे नियमावलीतच म्हटले आहे. सहलीला चाळीस जण एकत्र निघाले असले तरी सर्वांचे मिळून एकच प्रमाणपत्र चालत नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती घ्यावी लागते, तरच प्रमाणपत्राला किंमत असते. मुंबईत बंदर आरोग्य संघटना आणि विमानतळ आरोग्य संघटना, तर गोव्यात मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालय ही परिचित ठिकाणे आहेत. काही केंद्रे आठवड्यातील ठरावीक दिवशीच लस देतात, याचा लोकांना राग येतो, पण त्यामागे कारण आहे. लस कोरड्या भुकटीच्या रूपात अनेक डोसांच्या कुपीत येते आणि पातळ केल्यावर सहा तासांत वापरून संपवावी लागते; उरलेली फेकून द्यावी लागते. पुरेशी माणसे जमल्याशिवाय कुपी उघडणे म्हणजे दुर्मीळ लस वाया घालवणे होय. 2016 च्या साथीत तर साठा इतका अपुरा पडला होता की अंगोलाशेजारच्या काँगोच्या राजधानीत, किन्शासामध्ये, पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा देऊन मोहीम पार पाडावी लागली. तेव्हा नोंदणी आधी करावी आणि प्रवासापूर्वी चार ते सहा आठवडे हाताशी ठेवावेत.

आता ज्येष्ठांविषयी थोडे सविस्तर, कारण परदेशी सहलींना जाणाऱ्यांत निवृत्तांची संख्या लक्षणीय असते आणि या लसीच्या बाबतीत वयाचा विचार गांभीर्याने करावा लागतो. या लसीनंतर हात दुखणे, कणकण, डोकेदुखी हे नेहमीचेच आहे. क्वचित मात्र लसीतला दुर्बल विषाणूच शरीरात बळावतो आणि यकृतासारख्या अवयवांवर किंवा मज्जासंस्थेवर आघात करतो. असे एक लाख डोसांमागे एकाहूनही कमी वेळा घडते, पण साठीनंतर पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत हे प्रमाण वाढते. याचा अर्थ साठी ओलांडलेल्यांनी लस घेऊच नये असा नाही. जिथे साथ चालू आहे अशा भागात कामासाठी दीर्घकाळ राहायचे असेल तर तोल लसीच्या बाजूने झुकतो. केवळ हौसेने चार दिवस जाण्यासाठी, मधुमेह आणि हृदयविकार सांभाळणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांनी तिकीट काढल्यावर नव्हे तर काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरून झाले की प्रकृतीचा विचार मागे पडतो आणि काहीही करून प्रमाणपत्र मिळवण्याची घाई सुरू होते.

अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांना, थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार घटलेल्यांना ही लस देत नाहीत. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत प्रवास टाळता येत असेल तर टाळणे उत्तम. नसेल तर धोक्याचा तोल डॉक्टरांनी पाहायचा असतो. वैद्यकीय कारणाने लस देता येत नसल्याचे प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु ते कागद सीमेवर उपयोगी पडले तरी डासाला दाखवता येत नाहीत. अशा व्यक्तीला पुरे संरक्षण नसते, एवढे विसरू नये.

सक्तीच्या यादीत आणखी दोन नावे आहेत. हज आणि उमराह यात्रेसाठी सौदी अरेबिया मेनिंगोकॉकल मेंदुज्वराविरुद्धची, जीवाणूच्या चार प्रकारांवर चालणारी लस मागतो आणि ती तिथे पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. 2000 आणि 2001 च्या हज यात्रेत डब्ल्यू प्रकाराच्या जीवाणूची साथ पसरली आणि यात्रेकरूंबरोबर ती अनेक देशांत गेली, त्यानंतर ही चार प्रकारांची लस बंधनकारक झाली. दुसरे नाव पोलिओचे. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतर पोलिओ शिल्लक असलेल्या देशांत ये-जा करणाऱ्यांना, मग ते पन्नाशीचे का असेनात, प्रवासापूर्वी किमान चार आठवडे एक डोस घ्यावा लागतो व तो वर्षभर चालतो. पल्स पोलिओच्या रांगेत आपण उभे राहायचे हे अनेक प्रौढांना विचित्र वाटते, पण विषाणू वय विचारून पोटात शिरत नाही.

कोणी न मागितलेल्या, पण गरजेच्या लसींमध्ये टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्न-पाण्यातून होणारी कावीळ, यांच्या लसी प्रमुख आहेत. जुन्या पिढीतील बहुसंख्य भारतीयांना लहानपणी नकळत हिपॅटायटिस ए होऊन गेलेला असतो. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आजच्या मुलांचे तसे नाही. हा मुद्दा उलट दिशेने अधिक महत्त्वाचा आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेली नातवंडे सुट्टीत सांगलीला आजीकडे येतात तेव्हा आईवडिलांना तो प्रवास वाटतच नाही, घरी जाणे वाटते, आणि म्हणून लसीचा विचारही होत नाही. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच असते: विद्यापीठ गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीच्या दोन डोसांचा पुरावा मागते आणि लहानपणीचे लसीकरण कार्ड सापडत नाही. मग चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस नव्याने घ्यावे लागतात. ही लसही जिवंत विषाणूची आहे, आणि अशा दोन लसी एक तर एकाच दिवशी किंवा किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायच्या असतात, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात सगळे उरकण्याचा बेत फसतो.

मलेरियासाठी मात्र पर्यटकाला घेता येईल अशी लस नाही, आणि पिवळे पुस्तक खिशात असले की मलेरियाचीही काळजी मिटली असा अनेकांचा समज होतो. आफ्रिकेतील मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो. त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही, औषधानुसार एक ते चार आठवडे, घ्याव्या लागतात, आणि घरी पोहोचल्यावर त्या अर्धवट सोडणे हीच सर्वांत सामान्य चूक आहे. मसाई माराहून ऑगस्टमध्ये परतलेल्या माणसाला इथल्या पावसाळ्यात ताप आला, तर घरचे आणि कधीकधी डॉक्टरही त्याला व्हायरल किंवा डेंग्यू समजतात. परतल्यापासून पुढचे दोन-तीन महिने ताप आल्यास आपण आफ्रिकेत जाऊन आलो हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे आणि रक्ताची मलेरिया तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.